विधी महाविद्यालयाने शहराला कोणता हिशेब द्यावा?

वर्षातून एकदोनदा एखाद्या विधी महाविद्यालयाचे किंवा विधी विद्यापीठाचे वार्तापत्र हाती पडते आणि ते न उघडताच आत काय असेल ते सांगता येते. आधी प्राध्यापकांची कामगिरी: कोणाचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला, कोणाला पीएच.डी. मिळाली, कोणत्या परिषदेत कोण सत्राध्यक्ष होते. मग विद्यार्थ्यांचे यश: अभिरूप न्यायालय (मूट कोर्ट) स्पर्धेतला चषक, मुंबई-दिल्लीच्या मोठ्या फर्ममधल्या नेमणुका, न्यायाधीशपदाच्या परीक्षेतली निवड. शेवटी कार्यक्रम, म्हणजे ९ नोव्हेंबरचा विधी सेवा दिन, २६ नोव्हेंबरचा संविधान दिन, निवृत्त न्यायमूर्तींचे व्याख्यान, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि पायऱ्यांवरचे समूह छायाचित्र. यातले काही खोटे नसते, आणि ज्या विद्यार्थिनीने रात्री जागून युक्तिवाद तयार केला तिचे कौतुक झालेच पाहिजे. माझा प्रश्न एवढाच आहे की हा सगळा हिशेब नेमका कोणापुढे मांडला जातो? तो मूल्यांकन समितीसाठी असतो, प्रवेशाचा विचार करणाऱ्या पालकांसाठी असतो, नोकरी देणाऱ्या फर्मसाठी असतो. ज्या शहरात ही संस्था उभी आहे आणि ज्याच्या करातून तिचा काही खर्च भागतो, त्या शहरासाठी त्यात एक ओळही नसते. सार्वजनिक विधी शिक्षण संस्थेने आपल्या कर्तृत्वाचा हिशेब आधी या शहराला द्यावा, आणि तो चषकांच्या संख्येत न देता, आपल्यामुळे कोणाचे कोणते कायदेशीर काम मार्गी लागले या भाषेत द्यावा, असे मला वाटते.

नागपूरला ही मागणी करण्याचा अधिकार इतर अनेक शहरांपेक्षा अधिक आहे. अमरावती रोडवरचे विद्यापीठाचे विधी महाविद्यालय १९२५ सालचे. आज ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाने ओळखले जाते आणि त्याच्यामुळे एका चौकालाच लॉ कॉलेज चौक हे नाव पडले आहे. नागपूरचे स्वतंत्र उच्च न्यायालय २ जानेवारी १९३६ ला सुरू झाले, म्हणजे या शहरात कायद्याचे महाविद्यालय आधी आले आणि उच्च न्यायालय नंतर. २०१६ मध्ये महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ आले, आणि आता त्याचा परिसर शहराबाहेर बुटीबोरीकडे, वारंगा येथे आहे. एका बाजूला शंभर वर्षांची परंपरा आणि दुसऱ्या बाजूला देशभरातून निवडून आलेले विद्यार्थी, असा दुहेरी ठेवा असलेल्या शहराने केवळ छायाचित्रांवर समाधान का मानावे?

विधी प्राध्यापकाचे कर्तृत्व कशाला म्हणायचे, याचा एक मापदंड विदर्भातल्याच एका प्रकरणाने घालून दिलेला आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर पोलिसांकडून अत्याचार झाल्याची तक्रार झाली. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते. गडचिरोली हा वेगळा जिल्हा व्हायला अजून दहा वर्षे होती. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवले आणि सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचा निर्णय फिरवून त्यांना पुन्हा निर्दोष मुक्त केले. अंगावर जखमा नव्हत्या, आरडाओरडा केल्याचे दिसत नव्हते, तेव्हा विरोध नव्हता, असा त्या निकालाचा रोख होता. निकाल ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतो. त्या मुलीचे नावही सर्वत्र छापले गेले आहे, पण मी ते इथे लिहीत नाही. पीडितेची ओळख उघड करू नये हा दंडक कायद्यात आला तो याच प्रकरणाने उठवलेल्या वादळानंतर.

ते वादळ उठायला एक पत्र कारणीभूत झाले. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उद्देशून खुले पत्र लिहिले. शरण जाणे आणि संमती देणे यांत फरक आहे. रात्री पोलीस चौकीत, वर्दीतल्या माणसापुढे, एका गरीब मुलीने गप्प राहणे याला संमती म्हणता येत नाही, हा त्यातला मुद्दा कायद्याच्या नेमक्या भाषेत मांडलेला होता. त्यानंतर देशभर स्त्रियांच्या संघटना रस्त्यावर आल्या, १९८० मध्ये विधी आयोगाने आपला ८४वा अहवाल दिला आणि १९८३ मध्ये फौजदारी कायदा बदलला. कोठडीतला बलात्कार हा स्वतंत्र आणि अधिक गंभीर गुन्हा ठरला, कोठडीतल्या बलात्कारासारख्या खटल्यांत शरीरसंबंध सिद्ध झाल्यावर ‘माझी संमती नव्हती’ असे त्या स्त्रीने न्यायालयात सांगितले तर ते गृहीत धरावे, अशी तरतूद पुराव्याच्या कायद्यात आली आणि बलात्काराच्या खटल्यांची सुनावणी बंद दालनात होऊ लागली.

सह्या करणाऱ्यांपैकी दोघे दिल्लीचे होते, दोघे पुण्याचे. घटना विदर्भातली, दोषी ठरवणारे खंडपीठ नागपूरचे, पण पत्रावर नागपूरची सही नव्हती. हे मी उणेदुणे काढण्यासाठी सांगत नाही; नागपुरात त्या काळी कोणी काय बोलले असेल ते चार सह्यांवरून ठरत नाही. मला वेगळेच विचारायचे आहे. आजच्या वार्तापत्रात या पत्राची नोंद कोणत्या शीर्षकाखाली झाली असती? ते मान्यताप्राप्त नियतकालिकातला शोधनिबंध नव्हते, परिषदेतले सादरीकरण नव्हते, त्यासाठी अनुदान मिळाले नव्हते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमावलीत अध्यापकांच्या पदोन्नतीसाठी गुणांकाची जी पद्धत आणली, तिच्या तक्त्यात अशा पत्राचा रकानाच सापडला नसता. पद्धत पुढे बदलली, तक्ते सुटसुटीत झाले, पण सवय लागली ती लागलीच: जे मोजता येते तेच काम, आणि जे मोजले जात नाही तो रिकाम्या वेळचा उद्योग.

शिक्षणसंस्थांच्या राष्ट्रीय मानांकनाची (एनआयआरएफ) कथाही फार वेगळी नाही. त्यात शंभरापैकी दहा गुण ‘आउटरीच अँड इन्क्लुझिव्हिटी’ या नावाखाली असतात. नाव वाचून वाटते की संस्था समाजापर्यंत किती पोचली ते तिथे तपासले जात असेल. प्रत्यक्षात तिथे परराज्यातले विद्यार्थी किती, मुली किती, आर्थिकदृष्ट्या दुर्बल किती, दिव्यांगांसाठी सोयी कोणत्या, हे पाहिले जाते. या गोष्टी महत्त्वाच्या आहेतच, पण त्या संस्थेत कोण आले याविषयी सांगतात. संस्थेतून बाहेर काय गेले याविषयी नाही. विधी सहायता केंद्रात वर्षभरात किती लोक आले आणि त्यांच्या अर्जांचे पुढे काय झाले, हे कुणी विचारत नाही, म्हणून ते कुणी लिहूनही ठेवत नाही.

खरे तर नियमांची उणीव नाही. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या (बार कौन्सिलच्या) २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार प्रत्येक संस्थेत ज्येष्ठ अध्यापकाच्या देखरेखीखाली विधी सहायता केंद्र असणे बंधनकारक आहे. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान २० आठवडे प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यावा लागतो. शिवाय शंभर गुणांची एक प्रात्यक्षिक परीक्षा असते. त्यात ३० गुण अभिरूप न्यायालयाला, ३० गुण दोन खटल्यांच्या निरीक्षणाला, ३० गुण पक्षकाराच्या मुलाखती व खटल्याच्या पूर्वतयारीच्या नोंदवहीला आणि १० तोंडी परीक्षेला. म्हणजे नियम करणाऱ्यांच्या लेखी चषकाचे काम आणि कोर्टाच्या बाकावर बसून पाहण्याचे काम सारख्याच मोलाचे होते. वार्तापत्रात मात्र यातले पहिले तीसच गुण उमटतात.

उरलेल्या गुणांचे काय होते याचा एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात मी तोंडी परीक्षेसाठी बाहेरचा परीक्षक म्हणून गेलो होतो. नोंदवह्या सुबक होत्या, मुखपृष्ठावर न्यायदेवतेचे चित्र होते. वाचता वाचता लक्षात आले की सात विद्यार्थ्यांनी एकच खटला, एकाच दिवशी, जवळपास त्याच शब्दांत पाहिला होता, आणि ज्या दिवशी साक्षीदाराची उलटतपासणी ‘रंगली’ असे लिहिले होते, तो दुसरा शनिवार होता. न्यायालय बंद. मी मुलांना फार दोष दिला नाही. त्यांना कोर्टात कोणी नेलेच नव्हते. कोणत्या दालनात काय चालले आहे, रोजनामा (कामकाजाची रोजची नोंद) कसा वाचायचा, पुढची तारीख का पडली, हे सांगणारे तिथे कुणी नव्हते. आणि जिने त्याच वर्षी राज्यस्तरीय स्पर्धेत संविधानाच्या मूलभूत संरचनेवर अस्खलित इंग्रजीत युक्तिवाद केला होता, त्या मुलीने मला अगदी प्रामाणिकपणे विचारले, “सर, पुरशीस म्हणजे काय?”

पुरशीस म्हणजे पक्षकाराने न्यायालयात दिलेले लेखी निवेदन. तिचा प्रश्न भाषेचा होता आणि भाषेपुरताच नव्हताही. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रातल्या जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरली आहे. उच्च न्यायालयात इंग्रजी चालते, पण काटोल, उमरेड किंवा रामटेकच्या माणसाचा दावा, कैफियत (दाव्याला दिलेले उत्तर), दरखास्त (निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज), जमिनीच्या नोंदीतल्या फेरफारावरचा आक्षेप हे सारे मराठीत चालते, आणि त्याचे आयुष्य बहुधा त्याच पातळीवर निकालात निघते. विधी शिक्षणाने आपली प्रतिष्ठा इंग्रजीशी बांधली, आणि मराठीत मसुदा करणे हे कारकुनाचे किंवा टंकलेखकाचे काम मानले. परिणाम असा की पाच वर्षे शिकून बाहेर पडलेला पदवीधर जिल्हा न्यायालयात उभा राहायला बिचकतो आणि पक्षकार मात्र आवारातल्या टंकलेखकाला विचारून आपला अर्ज तयार करून घेतो. माझ्या यादीत प्राध्यापकांच्या कामगिरीतली पहिली नोंद अशी असेल: अमुक अध्यापकांनी सावकारीच्या तक्रारीचा नमुना अर्ज सोप्या मराठीत तयार केला. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यात अवैध सावकाराने बळकावलेली जमीन परत मिळवण्याची वाट आहे. ती विदर्भातल्या शेतकऱ्याला समजेल अशा दोन पानांत मांडणे हे शोधनिबंधापेक्षा कमी बुद्धीचे काम नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी एकदा लिहून पाहावे.

दुसरे उदाहरण तुरुंगाचे घेऊ, कारण तो आपल्या डोळ्यांसमोर, वर्धा रोडवर आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातल्या कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा खटला अजून निकाली निघालेला नाही असे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे वगळता, ज्याने कमाल शिक्षेचा अर्धा काळ तुरुंगात काढला त्याला जामिनावर सोडायचे असते. पूर्वी कधीही शिक्षा न झालेल्याच्या बाबतीत एक तृतीयांश काळ पुरेसा आहे. एकाहून अधिक खटले प्रलंबित असतील तर ही सवलत मिळत नाही. मुदत भरताच न्यायालयाकडे अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकांवर आहे, आणि जुन्या खटल्यांतल्या कैद्यांनाही हे लागू होते असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले. आता या कामाचे स्वरूप पाहा. अटकेची तारीख, लावलेली कलमे, कमाल शिक्षा, इतर खटले. एवढी माहिती घेऊन तक्ता करायचा आणि कोण पात्र झाला, कोण पुढच्या महिन्यात होईल ते विधी सेवा प्राधिकरणाच्या हाती द्यायचे. विद्यार्थ्याला वकिलीची सनद नसते, तो न्यायालयात उभा राहू शकत नाही, पण हे करायला सनद लागत नाही. तृतीय वर्षाचा विद्यार्थी अध्यापकाच्या देखरेखीखाली हे करू शकतो, आणि कोठडीतल्या प्रत्येकाला मोफत विधी सहाय्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिलेलाच आहे. यातून वर्षाकाठी पाच माणसे घरी गेली, तरी ‘विद्यार्थ्यांचे यश’ या सदरात चषकाच्या वर ती ओळ छापायला हवी.

यावर आक्षेप येतील, आणि त्यांतले काही वजनदार आहेत. राष्ट्रीय विधी विद्यापीठ स्थानिक प्रश्नांसाठी स्थापन झालेले नाही, तिथे सामायिक प्रवेश परीक्षेतून देशभरातून मुले येतात, त्यांना मराठी येत नाही, आणि अनेकांच्या डोक्यावर शैक्षणिक कर्ज असते. त्यांनी मोठ्या फर्मची वाट धरली तर त्यात पाप काय? काहीच नाही. शिवाय अभिरूप न्यायालय वाया जात नाही. विरुद्ध बाजूचा मुद्दा आधी ओळखण्याची सवय तिथेच लागते आणि ती तुरुंगातल्या तक्त्यालाही उपयोगी पडते. पण विद्यार्थी बाहेरचा असेल तरी संस्था इथलीच आहे. राज्याच्या कायद्याने ती स्थापन झाली, राज्यातल्या मुलांसाठी तिथे राखीव जागा आहेत, आणि मराठी येणारी व न येणारी मुले एका बाकावर बसतात. त्यांची जोडी करून देणे ही व्यवस्थापनाची साधी गोष्ट आहे. सुट्टीत छत्तीसगडला किंवा बिहारला परतणाऱ्या मुलाने हेच काम तिथल्या तुरुंगात केले, तर नागपूरने तक्रार करण्याचे कारण नाही.

याहून अवघड आक्षेप अध्यापकांचा आहे. तास, परीक्षा, उत्तरपत्रिका, समित्या, मूल्यांकनाच्या फायली यांत त्यांना मान वर करायला वेळ नसतो. त्यात कंत्राटी अध्यापकाचे पद दर वर्षी टांगणीला लागलेले. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न व्यक्तीच्या सद्भावनेवर सोडता येत नाही. विधी सहायता केंद्रात घालवलेली दुपार अध्यापनाच्या तासांत धरली गेली पाहिजे. दुसरा उपाय जुना आहे. पुढे भारताचे सरन्यायाधीश झालेले मोहम्मद हिदायतुल्ला १९३५ ते १९४३ या काळात नागपूरच्या विधी महाविद्यालयात शिकवत होते आणि त्याच वेळी उच्च न्यायालयात वकिलीही करत होते. पूर्ण वेळ नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही हे खरे. पण व्यवसायात असलेल्या वकिलाला दिवसाला तीन तासांपर्यंत शिकवण्याची मुभा केंद्र सरकारच्या १९७९ च्या नियमांनी दिलेली आहे. नागपुरात खंडपीठ आहे, जिल्हा न्यायालय आहे, कौटुंबिक आणि कामगार न्यायालये आहेत, आणि तीस-तीस वर्षे काम केलेले वकील आहेत. त्यांना वर्षातून एकदा शाल देऊन परत पाठवण्यापेक्षा आठवड्यातून दोन तास नोंदवही तपासायला बसवले, तर दुसऱ्या शनिवारची उलटतपासणी एका सत्रात बंद होईल.

कार्यक्रमांबद्दल फार लिहावे असे नाही; व्याख्यान चांगले असेल तर ऐकावे, हार-तुरे लवकर आटोपावेत. एक संधी मात्र, मुंबई सोडली तर, नागपूरसारखी महाराष्ट्रात दुसऱ्या कोणत्याही शहरातल्या विधी संस्थेला नाही. १९५३ च्या नागपूर कराराने विधिमंडळाचे एक अधिवेशन इथे घेण्याचे ठरले आणि सहसा डिसेंबरमध्ये ते भरते. अधिवेशनात नवी विधेयके मांडली जातात. डिसेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक इथेच नव्याने मांडले गेले, मग दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले, समितीने नागरिकांच्या सूचना मागवल्या आणि त्या १२,०००हून अधिक आल्या. सूचना पाठवणाऱ्या किती जणांनी मूळ मसुदा वाचला असेल? विधेयकातले प्रत्येक कलम काय म्हणते, आधीच्या कायद्यात काय होते, कोणत्या शब्दाची व्याख्या सैल आहे, हे पक्षीय अभिनिवेशाशिवाय, मराठीत, आठ दिवसांत मांडणे हे काम विधी महाविद्यालयाइतके दुसरे कोण करू शकेल? विधेयकाच्या बाजूने किंवा विरोधात उभे राहण्याची गरज नाही. मजकूर उलगडून ठेवला तरी मोर्चात आलेला माणूस आणि सभागृहातला आमदार या दोघांनाही त्याचा उपयोग होतो. हीच गोष्ट शहराच्या प्रश्नांची. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वस्त्यांत पाणी शिरले आणि प्रश्न खंडपीठापुढे गेला, तेव्हा तलाव कोणाच्या ताब्यात, नदीपात्रातल्या बांधकामाला जबाबदार कोण, नुकसानभरपाई कोणत्या तत्त्वावर, हे समजून घ्यायला घरात चिखल झालेली माणसे आली असती. अशा सभेला खुर्च्या भरण्यासाठी प्रथम वर्षाच्या मुलांना सक्तीने बसवावे लागले नसते.

म्हणून माझी सूचना एका पानाची आहे. वार्तापत्र जसे निघते तसे निघू द्यावे. त्यासोबत दर वर्षी ९ नोव्हेंबरला मराठीत एक पान काढावे. विधी सहायता केंद्र कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे उघडे असते. वर्षभरात किती लोक आले. किती अर्ज लिहून दिले आणि त्यांतले किती मंजूर, किती नामंजूर, किती पडून. तुरुंगात किती वेळा गेले. कोणत्या विधेयकावर काय लिहिले. किती पदवीधरांनी जिल्हा न्यायालयात वकिली सुरू केली. नावे नकोत, छायाचित्रे नकोत, आणि आकडा शून्य असेल तर शून्य लिहावे. हे पान सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात, टंकलेखकांच्या टेबलांशेजारी लावावे. तारीख घ्यायला आलेली माणसे तिथे तासन् तास बसलेली असतात. केंद्र मंगळवारी दुपारी उघडे असते असे पानावर छापले असेल आणि ते प्रत्यक्षात बंद असेल, तर बुधवारी सकाळपर्यंत ते सगळ्या आवाराला कळलेले असेल.